पायदळी

मराठी माणसाचा जमिनीवर विश्वास आहे, फक्त ती धुता आली पाहिजे. शहाबादी असो, कोटा असो, मोझॅक असो की अलीकडची तोंड दिसेल इतकी चकचकीत व्हिट्रिफाइड, तिच्यावर बादलीभर पाणी ओतता आलं पाहिजे, फिनेलचा वास सुटला पाहिजे आणि "पाय ठेवू नका रे, ओलं आहे!" असं कोणीतरी ओरडलं पाहिजे. त्याशिवाय साफसफाई झाली असं आपण मानत नाही. फरशी येण्याआधी सारवलेली जमीन होती. तिच्यावरही दर काही दिवसांनी शेणपाण्याचा हात फिरला, की ती पुन्हा नवी होई. ज्याच्यावर पाणी ओतता येत नाही, जो पिळता येत नाही आणि दोरीवर वाळत घालता येत नाही, असा गालिचा अशा घरात येतो, तेव्हा तो जावयासारखा येतो. मान मोठा, उपयोग बेताचा, आणि तो आहे तोवर घरातल्या सगळ्यांनी सांभाळून वागायचं.

आपली रोजची ऊठबस सतरंजीशी. सुती, जाडीभरडी, निळ्या-लाल पट्ट्यांची सतरंजी मराठी घरात कोणाचीही भीडभाड न ठेवता नांदते. तिच्यावर भजनी मंडळ बसतं, पत्त्यांचा डाव बसतो, उन्हाळ्यात गच्चीवर सगळी मावस-चुलत भावंडं ओळीने झोपतात आणि सहलीत तिच्यावर हमखास पोहे सांडतात. लग्नाकार्यात ती उसनी येते. कोपऱ्यावर ऑइलपेंटने रंगवलेलं नाव वाचल्यावर बसणाऱ्याला कळतं, की आपण भलत्याच पेठेतल्या गणेशोत्सव मंडळावर बसलो आहोत. तिची निगा म्हणजे दोघांनी चार कोपरे धरून झटकणं. त्यात दोघांचा ताल जुळावा लागतो. जुळला नाही तर सगळी धूळ एकाच्याच तोंडावर येते, आणि ती कोणाच्या यायची हे बऱ्याच संसारांत आधीच ठरलेलं असतं. फारच मळली तर मोरीत साबणाच्या पाण्यात घालून पायाने तुडवायची, चार वेळा खळबळायची आणि गच्चीच्या कठड्यावर टाकायची. संध्याकाळी ती जरा आखडून, जरा रंग सोडून, पण पुन्हा कोणालाही मांडीवर घ्यायला तयार असते.

गालिचा मात्र कुळशील सांगत येतो. मध्यमवर्गीय मराठी घरात तो बहुधा काश्मीरच्या सहलीतून शिरतो. टूरच्या कार्यक्रमपत्रिकेत 'हस्तकला केंद्रास भेट' असं एक निरुपद्रवी वाक्य छापलेलं असतं. आत गेल्यावर केशर-वेलदोडा घातलेला कहवा हातात येतो, दुकानदार म्हणतो, "लेना जरूरी नहीं, बस देख लीजिए," आणि दोन पोरं भिंतीशी उभ्या असलेल्या गुंडाळ्या एकीवर एक उलगडत सुटतात. आपण त्याचा कहवा पीत असतो, त्यामुळे उठता येत नाही. मग दुकानदार हुकमाचं पान काढतो. गालिच्याची दोन टोकं धरून तो गर्रकन फिरवतो, आणि मघाशी गडद किरमिजी दिसलेला गालिचा एकदम फिकट गुलाबी दिसायला लागतो. यात जादू काही नसते. गालिच्याची लव एका दिशेला झुकलेली असते. तिच्या टोकांकडून बघितलं की रंग गडद, पाठीकडून बघितलं की फिका. पण डोंगरातली थंडी, गरम कहवा आणि शेजारच्या सीटवरच्या कुटुंबाने आधीच घेतलेला गालिचा, एवढं सगळं जमून आल्यावर कोण प्रकाशाचा अभ्यास करत बसणार?

शेवटी दुकानदार गालिचा पालथा घालून गाठी मोजायला लावतो. चौरस इंचात ३०० गाठी धरल्या, तर सहा बाय चार फुटांच्या गालिच्यात दहा लाखांवर गाठी होतात, आणि प्रत्येक हाताने मारलेली. कारागिरापुढे नक्षीचं चित्रसुद्धा नसतं. कोणत्या रंगाच्या किती गाठी, हे तालीम नावाच्या सांकेतिक लिपीत लिहिलेलं असतं. ते वाचत वाचत विणकाम वर सरकतं. एवढी सवड माणसाला मिळावी कुठून? पुणेकरांकडे याचं एक उत्तर आहे. एकोणिसाव्या शतकात येरवड्याच्या कारागृहात गालिचे विणले जात. आग्र्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी विणलेला एक अवाढव्य गालिचा तर व्हिक्टोरिया राणीसाठी थेट विंडसरच्या राजवाड्यात गेला. गाठीवर गाठ मारत बसायला लागणारी फुरसत तिथे सक्तीनेच मिळत असे. असो. दहा लाख हा आकडा ऐकला की मराठी माणूस हळवा होतो. तो मनातल्या मनात किमतीला दहा लाखांनी भागतो, एका गाठीला किती पैसे पडले ते काढतो, आणि त्याला तो गालिचा चक्क स्वस्त वाटायला लागतो.

घरी आल्यावर गालिचा हॉलमध्ये अंथरला जातो आणि त्याच क्षणी घराला राज्यघटना मिळते. गालिच्यावर चहा प्यायचा नाही. गालिच्यावर चिवडा खायचा नाही. मुलांनी गालिच्यावर स्केचपेन उघडायचं नाही. पाय धुऊन यायचं, पण ओले पाय गालिच्यावर ठेवायचे नाहीत. गोंड्यांशी चाळा करायचा नाही. एक कलम मात्र या घटनेत लिहावं लागत नाही, आणि खरं तर तेच सगळ्यांत मोलाचं असतं: चपला दाराबाहेर. जगभरचे जाणकार गालिच्याच्या देखभालीबद्दल जे सांगतात, त्यातला मोठा वाटा आपण दाराशीच, काही न वाचता, उरकलेला असतो. गालिच्यातली बहुतेक घाण बाहेरून पायांबरोबर येते, आणि ती नुसती मळवत नाही, कापते. रस्त्यावरच्या मातीत वाळूचे बारीक धारदार कण असतात. ते लवेतून खाली उतरतात, मुळाशी जाऊन बसतात आणि वरून पाऊल पडलं की धाग्याला करकचून घासतात. गालिचा वरून छान दिसत असतो आणि आतून झिजत असतो. म्हणून धूळ दिसायला लागल्यावर झाडू घेणं म्हणजे उशीर झालेला असणं. गालिच्याच्या बाबतीत धूळ न दिसणं हीच तक्रारीची बाब आहे.

आता हे मराठी घराला कसं पटावं? आपली सगळी स्वच्छता डोळ्यांची. केर दिसला पाहिजे, सुपलीत भरला गेला पाहिजे आणि बादलीतलं फडक्याचं पाणी काळं झालं पाहिजे. कामाला येणाऱ्या मावशी गालिच्यावर दोनदा झाडू फिरवतात, सुपलीत बघतात आणि निकाल देतात, "ताई, ह्यात केरच नाही." सुपलीत जे येत नाही ते घाण नव्हे, हे त्यांचं शास्त्र, आणि फरशीपुरतं ते शंभर टक्के बरोबर आहे. गालिचा मात्र आपल्या पोटात घेऊन बसलेला असतो अर्धा किलो माती.

ती काढायचा जुना उपाय म्हणजे धोपटणं. गालिचा खांद्यावर टाकून गच्चीत न्यायचा, कठड्यावर पसरायचा आणि काठीने बडवायचा. लहानपणी हे काम मुलांना आवडतं, कारण घरातली एवढी महागडी वस्तू मोठ्यांच्या देखत बडवायची परवानगी दुसरीकडे कुठे मिळत नाही. जाणकार मात्र सांगतात, की कठड्याच्या धारेवर टाकून बडवू नये, त्याने पाठीचे धागे तुटतात. स्वच्छ जागी पालथा घालावा आणि पाठीवर हलक्या हाताने थोपटावं. माती आपोआप खाली गळते, गालिचा उचलला की जमिनीवर तिचा पत्ता लागतो. पण थोपटून बायकामुलांना झोप येते, धूळ जात नाही, अशी आपली पक्की समजूत असल्याने काठीच जिंकते. मग दुसऱ्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत येऊन वर बघतात. त्यांचे पापड वाळत असतात. "अहो, वर कोण झटकतंय?" या प्रश्नाला सोसायटीत कोणीच कधी उत्तर देत नाही. कठड्यावरून गालिचा तेवढा हळूच दिसेनासा होतो.

या भांडणाला आपण उगाच आपलं समजतो. लंडनमध्ये १८३९ च्या महानगर पोलीस कायद्यात चक्क एक कलम होतं: रस्त्यात गालिचा, सतरंजी किंवा चटई झटकली वा बडवली तर चाळीस शिलिंगांपर्यंत दंड. अपवाद फक्त दारातल्या पायपुसण्याचा, तोही सकाळी आठच्या आत. ज्या साम्राज्यावर सूर्य मावळत नसे, त्याला पायपुसणं किती वाजेपर्यंत झटकायचं हे पार्लमेंटात ठरवावं लागलं. पार्लमेंटातही कोणाचे तरी पापड वाळत असणार.

त्याच लंडनमध्ये १९०१ साली ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंजिनिअरने यावर तोडगा काढला. त्याने एक यंत्र पाहिलं होतं, ते हवेच्या झोताने धूळ उडवत असे, म्हणजे इकडची धूळ तिकडे. बूथला वाटलं, फुंकण्याऐवजी ओढून का घेऊ नये? खात्री करायला त्याने खुर्चीच्या गादीवर रुमाल धरला, त्याला तोंड लावलं आणि जोरात श्वास ओढला. त्याला ठसका लागला, पण रुमालाच्या खालच्या बाजूला धुळीचं वर्तुळ उमटलं होतं. यातून जे यंत्र जन्मलं ते घरात मावेना. घोडे जोडून ते रस्त्यातून न्यायचं, घरासमोर उभं करायचं आणि लांबलचक नळ्या खिडक्यांतून आत सोडायच्या. १९०२ साली नव्या राजाच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे त्याने साफ केले आणि मग श्रीमंत घरांत त्याला मागणी आली. यजमानीण मैत्रिणींना चहाला बोलवायची, आणि सगळ्या जणी मिळून आपल्या घरातली घाण बाहेर जाताना बघायच्या. घरातली घाण अभिमानाने पाहुण्यांना दाखवण्याचा हा बहुधा पहिलाच प्रसंग.

आपल्याकडे तो अभिमान आला नाही, अपमान आला. १९८२ साली युरेका फोर्ब्ज सुरू झाली आणि टाय लावलेले तरुण विक्रेते दारोदार जाऊन व्हॅक्यूम क्लीनरचं प्रात्यक्षिक दाखवू लागले. मध्यमवर्गीय मराठी बाईच्या आयुष्यातला तो मोठा कसोटीचा क्षण होता. सकाळीच झाडून-पुसून लखलखीत केलेल्या घरात एक परका तरुण नम्रपणे बसायचा, गादीवर किंवा सोफ्यावर नळी फिरवायचा आणि मग पांढऱ्या फडक्यावर जमा झालेली करडी भुकटी तिच्यासमोर धरायचा. "मॅडम, हे बघा." समोर शेजारच्या वहिनीही बसलेल्या असायच्या. त्या भुकटीनंतर यंत्र घेण्यावाचून गत्यंतर उरत नसे. ते यायचं, आठवडाभर सगळं घर घुमवायचं, पंख्यांची पाती आणि पुस्तकांचं कपाट स्वच्छ करायचं आणि मग आपल्या मूळ खोक्यात, मूळ थर्माकोलसकट, माळ्यावर जायचं. दिवाळीला खाली यायचं. बाकी वर्षभर मावशींचा झाडू, कारण यंत्राला आवाज फार आणि विजेचं बिल वेगळं.

डागांची गोष्ट आणखी निराळी. गालिच्यावर काही सांडलं की घरातल्या प्रत्येक पिढीचा एक उपाय तयार असतो. आजी म्हणते मीठ टाका, काका म्हणतात टाल्कम पावडर, कोणीतरी लिंबू कापायला धावतं, आणि तेवढ्यात ज्याच्या हातून सांडलं तो साबणाचा ब्रश घेऊन घासायला बसलेला असतो. घासणं हा आपल्या रक्तातला गुण आहे. पितळेची भांडी, तव्याचं बूड, मुलांच्या माना, सगळं आपण घासूनच लख्ख केलेलं. गालिच्याला मात्र घासणं अजिबात सोसत नाही. घासलं की डाग लवेत खोल उतरतो, बाजूला पसरतो आणि लोकरीचे तंतू एकमेकांत अडकून तिथे कायमचा गुंता होतो. गरम पाणी घातलं तर तो गुंता पक्का होतो. त्याला टिपायचं असतं. कोरडं सुती कापड दाबायचं, उचलायचं, पुन्हा दाबायचं, कडेकडून मध्याकडे यायचं. हा उपाय मुळात अवघड नाही, पण त्याला लागतो धीर, आणि आरडाओरडा चालू असताना तो कोणाजवळ नसतो. चहाचा डाग साबणाने उलट तपकिरी पडतो. त्याला पाण्यात थोडंसं व्हिनेगर घालून टिपलेलं बरं.

हळदीचं काय करायचं, हा प्रश्न जगातल्या गालिचा-शास्त्राला मराठी माणसाने घातलेला आहे. वरणाचा थेंब पिवळा पडतो. तुम्ही साबण लावता, तर तो लालभडक होतो, आणि बघणाऱ्याला वाटतं इथे काहीतरी गुन्हा घडला आहे. हळदीतल्या कर्क्युमिनचा हा स्वभावच आहे: खार लागला की लाल, लिंबासारखं आंबट लागलं की पुन्हा पिवळं. तिला खरा उतारा म्हणजे ऊन. सतरंजी दोन दिवस गच्चीवर टाकली की डाग फिका पडत जातो. पण गालिचा उन्हात टाकावा, तर हळदीबरोबर त्यातल्या मोराचाही रंग उडतो. मोर ठेवायचा की डाग घालवायचा, यावर मग घरात दोन पक्ष पडतात आणि बहुधा टीपॉय सरकवून डागावर ठेवण्याच्या तोडग्यावर एकमत होतं.

परदेशी गेलेल्या मराठी घरांत तर टीपॉयही पुरत नाही. अमेरिकेतल्या भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट, तेही फिक्या बदामी रंगाचं. मुलाकडे पहिल्यांदा गेलेल्या आईला पहिल्या सकाळी कळेनासं होतं, की आता पुसायचं काय? पदर खोचून ती उभी असते आणि समोर पाणी ओतता येईल अशी जागाच नसते. सण आला की पंचाईत वाढते. रांगोळी पाटावर किंवा ट्रेमध्ये काढायची, पणतीखाली ताटली, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांच्या हातातल्या कुंकवाकडे मुलाची बारीक नजर. "आई, डिपॉझिट जाईल गं," हे वाक्य अमेरिकेतल्या मराठी तरुणाने आरतीच्या चालीतही म्हटलेलं असेल. घर सोडताना कार्पेटवरच्या डागांचे पैसे डिपॉझिटमधून कापले जातात, ही भीती तिथल्या फोडणीच्या वाफेत कायम मिसळलेली असते.

आपल्याकडे स्वतःच्या घरात डिपॉझिट नसतं, पण मनाची धास्ती तेवढीच. म्हणून मग खास मराठी उपाय येतो: झाकणं. आपण रिमोटला प्लास्टिकची पिशवी घालतो, सोफ्यावर चादर घालतो, नव्या कारच्या सीटवरचं आवरण वर्षभर काढत नाही. तर गालिचा खराब होऊ नये म्हणून त्याच्यावर जुनी चादर पसरायची, हे ओघानेच आलं. आमच्या एका आत्याकडे वर्षानुवर्षं असाच गालिचा होता. येणारा-जाणारा चादरीवर बसायचा आणि आत्या अधूनमधून चादरीचा कोपरा उचलून खालचा गालिचा दाखवायची. पुढे तेही जोखमीचं वाटायला लागलं, तेव्हा तो गुंडाळून कपाटामागे उभा राहिला. मुलगी बघायला लोक येणार असतील, दिवाळसण असेल, नाहीतर अमेरिकेचा भाचा येणार असेल, तेव्हा बाहेर यायचा. पाहुणे जिन्यात चपला घालत असतानाच आत गुंडाळी सुरू व्हायची.

आणि एका दिवाळीला तो उलगडला, तर मधोमध टक्कल पडलं होतं.

कसर. हिच्याबद्दल आपली समजूत अशी, की ती घाणेरड्या, वापरलेल्या, रखडलेल्या कपड्यांना लागते. कसरीची रीत जरा वेगळी आहे. पतंगाच्या रूपात फडफडते ती काही खातच नाही, तिला खायला तोंडच नसतं. खातात तिच्या अळ्या. त्यांना हवं असतं केराटिन, म्हणजे लोकर, पिसं, केस यांतलं प्रथिन. चहाचा किंवा घामाचा डाग असेल तर आणखी आवडीने. पण सगळ्यांत जास्त हवा असतो त्यांना अंधार आणि शांतता. जिथे रोज माणसं चालतात, मुलं लोळतात, झाडू फिरतो, तिथे त्यांचा संसार थाटत नाही. कपाटामागची, सोफ्याखालची, वर्षात दोनदा हलवली जाणारी जागा त्यांना मानवते. आत्याच्या गालिच्याला पाहुण्यांनी खाल्लं नाही, त्यांच्या न येण्याने खाल्लं. डांबराच्या गोळ्या ठेवा, वेखंडाचे तुकडे ठेवा, कडुनिंबाचा पाला ठेवा. सगळ्याचा थोडाफार उपयोग आहे, पण अधूनमधून उलगडून झटकण्याला तोड नाही. संग्रहालयांत अशा वस्तू प्लास्टिकमध्ये गुंडाळून आठवडाभर खोल गोठवतात, मग अळ्या मरतात. आपल्या फ्रीझरमध्ये मटारच कसेबसे मावतात.

इराणच्या बाजारांत नवे कोरे गालिचे रस्त्यात अंथरून ठेवायची चाल होती. माणसं, जनावरं, पुढे मोटारीसुद्धा वरून जायच्या. मग ते धुऊन घेत, आणि लव मऊ पडलेला, रंग निवलेला तो गालिचा जास्त भाव खायचा. इथे आपण नव्यावर चादर घालतो आणि तिथे नव्याला तुडवून जुनं करतात. धनगराची घोंगडी तरी काय वेगळी? तिच्यावर निगेची पुस्तिका नाही, कोरड्या धुलाईची चिठ्ठी नाही. ती पावसात डोक्यावर, थंडीत अंगावर, दुपारी झाडाखाली अंगाखाली. चोवीस तास माणसाच्या संगतीत असलेल्या लोकरीत कसरीला घर करायला सवड कुठून मिळणार?

उलट टोकाला लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातला अर्दबिलचा गालिचा. सोळाव्या शतकातला, साडेदहा मीटर लांब. विल्यम मॉरिसच्या शिफारशीवरून १८९३ साली दोन हजार पौंडांना घेतलेला. आता तो काचेत असतो आणि रंग उडू नयेत म्हणून त्याच्यावरचे दिवे दर अर्ध्या तासाला दहा मिनिटंच उजळतात. त्याची निगा अगदी चोख आहे. पण माणसांच्या तळव्यांसाठी विणलेल्या त्या वस्तूवर आता कोणाचाच तळवा पडायचा नाही. संग्रहालयाला ते करावंच लागतं. आत्याला लागत नव्हतं. ती काही पुढच्या पाचशे वर्षांसाठी गालिचा सांभाळत नव्हती, तरी त्या हिशेबाने सांभाळत होती.

अलीकडे निगेचंही कंत्राट देता येतं. दिवाळीआधी फोनवरून बोलावलं की गणवेशातली दोन मुलं फेस काढणारं यंत्र घेऊन येतात, गालिचा धुतात आणि शेवटी बादलीतलं काळंकुट्ट पाणी दाखवतात. ते पाणी बघून मराठी मनाला कोण समाधान होतं! इतकी वर्षं हेच तर हवं होतं. फक्त शाम्पू लवेत राहून गेला तर तो चिकट राहतो आणि नवी धूळ जास्त धरतो, हे ती मुलं सांगत नाहीत. आणि पावसाळ्याच्या तोंडावर धुतला तर विचारूच नका. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा पोटात घेते आणि हाताला कोरडी लागते. मुंबईच्या जुलैत असा गालिचा वाळायला घालणं म्हणजे अक्षरशः भिजत घोंगडं. घरभर ओल्या मेंढीचा वास, आणि सगळे एकमेकांकडे संशयाने बघत असतात. त्यापेक्षा आठवड्याला लवेच्या दिशेने व्हॅक्यूम, गोंड्यांना वगळून. वर्षातून एकदा दिशा बदलून अंथरणं, म्हणजे झीज सगळीकडे सारखी होते. आणि ठेवायचाच झाला तर घडी न घालता गुंडाळणं, एवढ्यावर भागतं. कृत्रिम धाग्याचे यंत्रावर विणलेले गालिचे घेतले तर तेवढंही नको. त्यांना कसर लागत नाही. तिलाही चवीचं कळतं.

म्हणजे निगेचं सार एवढंच: रोज वापरा. बसा, लोळा, मुलांना कुस्ती खेळू द्या, चार मित्रांना बोलवा. आपलं सगळं जगणंच एकेकाळी जमिनीवर चालायचं. जेवण जमिनीवर, अभ्यास जमिनीवर, गाण्याची बैठक जमिनीवर. गालिच्याला याहून चांगलं सासर मिळालं नसतं. पण आपण नेमकं ज्या काळात गालिचा घेण्याइतके सुस्थितीत आलो, त्याच काळात जमिनीवरून उठून सोफ्यावर बसलो. आता गालिच्यावर उभा असतो तो टीपॉय, आणि त्याच्या चार पायांनी चार खड्डे पाडलेले असतात. त्या खड्ड्यांवर बर्फाचा खडा ठेवला, तो विरघळल्यावर बोटांनी लव उभी केली की खड्डा भरून येतो म्हणतात. पण खड्डा भरून टीपॉय पुन्हा तिथेच ठेवायचा असेल, तर बर्फ सरबतात घातलेला बरा.

परवा हट्टाने टीपॉय बाजूला केला आणि जमलेल्या मंडळींना गालिच्यावर बसायचा आग्रह केला. सगळ्यांनी गालिच्याचं तोंडभरून कौतुक केलं, गाठींची चौकशी केली, वाकून लवेवरून हातही फिरवला. बसलं मात्र कोणी नाही. एकाचे गुडघे, एकीची कंबर, एकाचं नुकतंच ऑपरेशन. जो एक धाडसाने खाली बसला, त्याला उठवायला दोघं लागले. तेव्हा कळलं, की गालिच्याचा खरा शत्रू धूळ नाही, हळद नाही, कसरही नाही. गालिच्याची देखभाल करायची तर आधी गुडघ्यांची करायला हवी. मीही ती मनावर घेतली आहे. फिजिओथेरपिस्टने रोजचे व्यायाम लिहून दिले आहेत आणि ते जमिनीवर काहीतरी मऊ अंथरून करा असं बजावलं आहे. त्यामुळे सकाळी उठल्या उठल्या पहिलं काम असतं ते घामाने खराब होऊ नये म्हणून गालिचा नीट गुंडाळून ठेवण्याचं, आणि मग त्या जागी बाजारातून आणलेली रबरी मॅट पसरण्याचं.